नगरच्या परसात चेरी: कोणती येते, कोणती नाही

मे संपता संपता फळबाजारात काश्मीरच्या चेरीची छोटी खोकी दिसू लागतात. जेमतेम महिना-दीड महिना हे फळ बाजारात टिकतं. त्याच सुमाराला पावसाळी लागवडीची तयारी सुरू झालेली असते, रोपवाटिकांपुढे टेम्पो लागतात, आणि बागेची हौस असलेल्या माणसाला वाटतं, हे झाड आपल्याच अंगणात लावलं तर? चौकशी केली की दोन टोकांची उत्तरं मिळतात. रोपवाला सांगतो, ‘बिनधास्त लावा, दोन वर्षांत फळ.’ शेजारी सांगतात, ‘ते थंड हवेचं झाड, इथं कशाला येतंय?’ दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, कारण दोघं वेगवेगळ्या झाडांबद्दल बोलत असतात. आपल्याकडे चेरी म्हणून जी रोपं मिळतात, ती निदान चार वेगवेगळ्या कुळांतली आहेत. केकवरच्या चेरीचं कूळ तर पाचवंच. अहिल्यानगर जिल्ह्याची हवा, माती आणि पाणी धरून या सगळ्यांचा एकत्र विचार केला, तर कशावर पैसे घालवावेत आणि कशावर नाही हे बऱ्यापैकी स्पष्ट होतं.

आधी खऱ्या चेरीबद्दल. ती गुलाबाच्या कुळातली; जर्दाळू, आलुबुखार आणि पीच ही तिची भावंडं. भारतातलं तिचं बहुतेक उत्पादन काश्मीर खोऱ्यात होतं. मिश्री, मखमली, डबल ही तिथल्या जातींची नेहमीची नावं. त्याखेरीज हिमाचलात शिमल्याच्या वरच्या अंगाला, नारकंडा-कोटगढच्या बाजूला तिच्या बागा आहेत. या सगळ्या ठिकाणी हिवाळ्यात बर्फ पडतो आणि झाड महिनोन्‌महिने निष्पर्ण उभं असतं. त्या झोपेतून उठायला त्याला थंडीचा ठरावीक साठा लागतो. तो तासांत मोजतात: साधारण ७ अंश सेल्सिअसखालचे किती तास झाडाला मिळाले? गोड चेरीच्या बहुतेक जातींना असे ८०० ते १२०० तास हवे असतात.

आता नगरची थंडी पाहा. शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरवर आहे. डिसेंबर-जानेवारीत राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातम्यांमध्ये निफाड, जळगावबरोबर नगरचं नाव हमखास असतं. पारा ७-८ अंशांवर येतो, एखाद्या वर्षी त्याहूनही खाली जातो. पण हा गारठा पहाटेपुरता. समजा, एका रात्री चार तास ७ अंशांखालचे मिळाले आणि अशा वीस रात्री लाभल्या, तरी हिशेब ८० तासांवर थांबतो. शिवाय दुपारी पारा २८-३० वर चढतो, आणि उबदार दुपार रात्री साठलेल्या थंडीतला काही वाटा पुसून टाकते. अकोले तालुक्यात कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. पण तिथेही काश्मीरसारखा सलग हिवाळा नाही. थंडी अपुरी राहिली की चेरीचे डोळे एकसारखे फुटत नाहीत. एखादी फांदी पालवते, दुसरी मे महिन्यापर्यंत काडीसारखी उभी राहते, आणि फूल आलंच तर तुरळक आणि अवेळी.

कुंडीत बर्फ टाकायचा उपाय काही जण हौसेनं करतात. त्याचा उपयोग होत नाही, कारण थंडीची नोंद मुळं घेत नाहीत, फांद्यांवरचे डोळे घेतात. द्राक्षबागायतदार दुसरी शंका काढतात, आणि ती रास्त आहे. ऑक्टोबरातल्या फळछाटणीनंतर आपण काडीच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतो आणि ते एकसारखे फुटतात. मग चेरीला तेच का करू नये? ज्या देशांत हिवाळा थोडा कमी पडतो, तिथे चेरीवर हे रसायन वापरतातही. पण ते थंडीतली थोडी तूट भरून काढतं, संपूर्ण हिवाळ्याची जागा घेत नाही. शिवाय ते विषारी आहे. मुलंबाळं वावरतात त्या परसात ते आणूच नये.

थंडीची अडचण सुटली असं क्षणभर धरलं, तरी उन्हाळा आहेच. चेरीचे फुलोऱ्याचे डोळे आदल्या उन्हाळ्यात घडतात. त्या वेळी उष्णता फार असली की एका फुलात दोन स्त्रीकेसर तयार होतात आणि पुढच्या वर्षी जुळी, वेडीवाकडी फळं लागतात. कॅलिफोर्नियातल्या बागायतदारांना ही डोकेदुखी चांगली परिचयाची आहे, आणि नगरचा मे महिना ४० अंशांच्या पुढचा. तिसरी गोष्ट परागीकरणाची. गोड चेरीच्या बहुतेक जातींना स्वतःचे पराग चालत नाहीत. शेजारी दुसऱ्या, जुळणाऱ्या जातीचं झाड लागतं. कॅनडातल्या समरलँड केंद्राने १९६८ साली ‘स्टेला’ ही स्वतःच्याच परागावर फळणारी जात दिली, तेव्हा कुठे एकट्या झाडाला फळ धरायची सोय झाली. अंगणात एकच रोप लावून फळाची वाट पाहणाऱ्याला ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

कमी थंडीच्या जातींचं काय? कॅलिफोर्नियात ‘मिनी रॉयल’ आणि ‘रॉयल ली’ ही जोडी त्यासाठीच तयार झाली; दोन्ही शेजारी शेजारी लावायच्या, म्हणजे एकमेकींचे पराग मिळतात. पण काहीशे तासांची थंडी त्यांनाही लागतेच. आपल्याकडे आशा वाढली ती सफरचंदामुळे. हिमाचलातल्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी शोधलेली ‘एचआरएमएन-९९’ ही जात कमी उंचीवर, उष्ण हवेत फळते. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि महाराष्ट्रातही या सफरचंदाची झाडं लागली. तेव्हा उद्या चेरीतही असं काही निघेल, ही आशा वेडगळ नाही. पण आज तसं उदाहरण समोर नाही, आणि सफरचंदाच्या यशावरून चेरीचं रोप विकत घेणं म्हणजे दुसऱ्याच्या पावतीवर आपला माल मागणं.

सर्वांत वाईट सौदा म्हणजे ‘काश्मिरी चेरी’च्या नावानं मिळणाऱ्या बिया. चेरीची बी रुजायलाच ओलसर थंडीत साधारण तीन महिने ठेवावी लागते. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ओल्या वाळूत ठेवून ती रुजवणारे लोक आहेत, आणि कोंब आला की होणारा आनंद खराच असतो. पण बियाणाचं झाड आईसारखं निघत नाही. म्हणूनच चेरीची लागवड जगभर कलमांनी होते. तेव्हा त्या कोंबाकडून पानांची हौस फिटेल, फळाची नाही.

मग रोपवाला ‘दोन वर्षांत फळ’ म्हणतो ते कशाच्या जोरावर? त्याच्याकडचं झाड बहुधा बार्बाडोस चेरी असतं. वेस्ट इंडियन चेरी आणि असेरोला ही तिचीच नावं. खऱ्या चेरीशी तिचं काही नातं नाही. ती कॅरिबियन बेटं आणि त्याभोवतालच्या उष्ण प्रदेशातली, आणि माझ्या मते नगरच्या अंगणासाठी या सगळ्या यादीत सर्वांत उजवं झाड तिचंच. थंडीचा हिशेब नाही, पाला कायम हिरवा, उंची दोन-चार मीटर, बांधा झुडपासारखा. दीड गुंठ्याच्या प्लॉटच्या कोपऱ्यातही ती मावते, आणि मोठा ड्रम अर्धा कापून केलेल्या कुंडीतही सुखानं राहते.

तिचं फळ जवळून बघण्यासारखं असतं. गुलाबी, झालरदार पाकळ्यांची फुलं पानांच्या बेचक्यात झुपक्यानं येतात. फूल गळलं की तीन-चार आठवड्यांत फळ तयार. ते गोल दिसतं पण पूर्ण गोल नसतं; बोट फिरवलं तर तीन उथळ पन्हळी लागतात, आणि आत एका टणक बीऐवजी तीन कोनदार बिया. साल इतकी पातळ की बोटाच्या दाबानं रस सुटतो. चव आंबट-गोड, थोडी सफरचंदाकडे झुकणारी. हे फळ बाजारात का दिसत नाही, हे एकदा तोडलं की कळतं: सकाळी काढलेलं फळ बाहेर ठेवलं तर दोन-तीन दिवसांत आंबूस होतं. म्हणून ते परसाचंच फळ आहे.

त्याचं मोठेपण जीवनसत्त्व क मध्ये. १९४६ साली पोर्टो रिकोतले संशोधक कॉनराडो असेन्हो यांनी ते मोजून प्रसिद्ध केलं आणि जगाचं लक्ष या झुडपाकडे गेलं. अमेरिकी कृषिखात्याच्या तक्त्यात १०० ग्रॅम गरात सुमारे १,६७७ मिलिग्रॅम अशी नोंद आहे. संत्र्यात ते ५०-५५ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाची रोजची गरज ८० मिलिग्रॅम, स्त्रीची ६५. म्हणजे एक-दोन फळांत दिवसाचं काम झालं. अर्धवट पिकलेल्या फळात हे प्रमाण पिकलेल्यापेक्षा जास्त असतं, आणि शिजवल्यावर घटतं. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी मात्र वाडगे भरभरून खाऊ नयेत.

आता निगा. ऑगस्ट १९४२ पासून १९४५ पर्यंत नगरच्या भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध असताना जवाहरलाल नेहरूंनी तिथे फुलांचे वाफे केले होते. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’च्या सुरुवातीलाच त्यांनी तिथली माती दगडगोट्यांची आणि जुन्या बांधकामाच्या राबिटानं भरलेली असल्याचं लिहून ठेवलं आहे. आज सावेडी, केडगाव किंवा भिंगारला नवं घर बांधणाऱ्याच्या वाट्याला तशीच जमीन येते: वर बांधकामाचा चुरा, खाली मुरूम किंवा चुनखडी. दुसरीकडे, कालव्याच्या पट्ट्यात काळी भारी जमीन, जी पावसाळ्यात पाणी धरून बसते. असेरोलाला दोन्ही त्रासदायक, पण दोन्हींवर इलाज आहे. चैत्र-वैशाखात दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन उन्हात तापू द्यावा. राबिट निघेल तेवढं बाहेर काढावं. तळ्याचा गाळ किंवा पोयटा, कुजलेलं शेणखत आणि दोन-तीन ओंजळी निंबोळी पेंड मिसळून खड्डा भरावा. काळ्या जमिनीत रोप खड्ड्यात न लावता फूटभर उंच वरंब्यावर लावावं. पहिले दोन चांगले पाऊस झाले, जमीन निवाली, की लागवड.

रोप घेताना पिशवीतून मुळं थोडी उघडून बघायला लाजू नये. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर ती सूत्रकृमीची खूण. डाळिंबवाल्यांना ती नव्यानं सांगायला नको. असेरोलाचाही तो पहिल्या क्रमांकाचा शत्रू आहे, आणि एकदा अंगणात आला की निघत नाही. असं रोप फुकट मिळालं तरी नको. आळ्याभोवती झेंडू लावत राहिल्यानं त्याला थोडा आळा बसतो. बियांपेक्षा गुटी कलमाचं किंवा छाट कलमाचं रोप घ्यावं. बिया कमी रुजतात आणि फळाचा दर्जा लागून येत नाही.

नगरकडे या झाडाची मुख्य तक्रार एकच ऐकू येते, पानं पिवळी पडल्याची. कोवळ्या पानाचा पापुद्रा पिवळा आणि शिरा मात्र हिरव्या, असं दिसलं की पाणी वाढवू नये. जमिनीतला चुना आणि बोअरचं क्षारयुक्त पाणी यांमुळे मुळांना लोह घेता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. सूक्ष्मअन्नद्रव्यांची, विशेषतः लोह आणि जस्ताची, सौम्य फवारणी ऊन उतरल्यावर करावी आणि शेणखत वाढवावं. गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवता आलं तर कुंडीतल्या झाडाला तेच द्यावं. कुंडीच्या कडेला साचणारा पांढरा थर त्यानं कमी होतो. पाण्याचा तोडा पडला की फूल गळतं, पण अति पाण्यानं मूळ कुजतं. ठिबकची एक-दोन तोट्यांची नळी आणि बुंध्याभोवती उसाच्या पाचटाचं वीतभर आच्छादन, एवढ्यावर मे महिना निघतो. पाचट आपल्या जिल्ह्यात कोणाकडेही मागावं, मिळतं. डाळिंबाला ताण देऊन बहार धरायची पद्धत इथेही थोड्या प्रमाणात लागू पडते: झाड चांगलं मोठं झालं की काही दिवस पाणी कमी करून मग भरपूर दिलं, की फुलांची लाट येते. लहान झाडावर हा प्रयोग करू नये.

छाटणी हलकीच. बुडातून येणारे फुटवे काढून एक किंवा दोन खोडं ठेवावीत. तोड संपली की आत घुसलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. पिठ्या ढेकूण दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा आणि निंबोळी अर्क पुरतो. खायच्या फळावर याहून कडक औषध कशाला?

दुसरं सहज मिळणारं झाड म्हणजे सिंगापूर चेरी. हे चेरीचं झाड नसून सावलीचं झाड आहे, असं समजूनच ते लावावं. वाढ इतकी झपाट्याची की दीड-दोन वर्षांत डोक्याच्या वर जातं आणि फळायलाही लागतं. पुढे आठ-दहा मीटरपर्यंत वाढतं, फांद्या छत्रीसारख्या आडव्या पसरतात. बोराएवढीही नसणारी लाल फळं वर्षातले बरेच महिने लागतात, अतिशय गोड, आत खसखशीएवढ्या असंख्य बिया. लहान मुलांना ती फार आवडतात. बुलबुल, कोकीळ, फुलटोच्या आणि रात्री वटवाघळं यांनाही. शाळेच्या आवारात, मंदिरापुढे, शेततळ्याच्या कडेला याच्यासारखं झाड नाही. घराला लागून मात्र नको: लाकूड ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात फांदी मोडते, खाली पडलेल्या फळांचा चिकटा होतो, आणि वटवाघळं भिंती रंगवतात. प्लॉट मोठा असेल तरच लावावं, तेही कुंपणाच्या पार टोकाला.

सुरिनाम चेरी, म्हणजे ब्राझीलची पितांगा, जांभळाच्या कुळातली. भोपळ्यासारख्या आठ शिरांचं छोटं फळ दिसायला फारच देखणं. चवीला मात्र राळेसारखा उग्र वास, जो फळ पूर्ण गडद लाल झाल्यावर पुष्कळ कमी होतो. बी खाऊ नये. कमी पाण्यावर तग धरते, कापून कुंपण होतं. फळमाशीला ती आवडते, तेव्हा जवळ कामगंध सापळा टांगावा. शोभेसाठी घ्यावी, फळासाठी हिच्या मागे लागू नये.

चेरी हवी असण्यामागे पुष्कळांच्या मनात फळ नसतंच. जपानच्या चित्रांतला तो गुलाबी बहर असतो. त्यांच्यासाठी चांगली बातमी आहे. फेब्रुवारीत पानं झडलेल्या गिरिपुष्पाच्या काठ्या फिकट गुलाबी फुलांनी भरून जातात, आणि छाट रोवला तरी ते झाड येतं. पाला हिरवळीचं खत म्हणून उत्तम. मात्र त्याच्या बिया आणि साल विषारी असल्यानं लहान मुलांकडे लक्ष हवं.

आणि शेवटी केकवरची चेरी. बेकरीच्या बरणीतली, पानाच्या विड्यात खोचलेली लालभडक चेरी आपल्या देशात बहुतांशी करवंदाची असते. कच्चं करवंद घेऊन बी काढतात, खारवतात, गंधकाच्या प्रक्रियेनं त्याचा मूळ रंग घालवतात, मग लाल खाद्यरंग देऊन चढत्या पाकात मुरवतात. त्यासाठी करवंदच निवडतात, कारण त्याचा गर घट्ट असतो आणि पाकातही आकार सोडत नाही. म्हणजे ज्या फळासाठी आपण काश्मीरकडे बघतो, त्याची जागा सह्याद्रीतल्या काटेरी जाळीनं केव्हाच घेतली आहे. वैशाखात भंडारदऱ्याच्या रस्त्यावर बायाबापड्या पानांच्या द्रोणात काळी करवंदं घेऊन बसतात. ‘डोंगरची काळी मैना’ ही आरोळी आणि फळ चावून आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी हा खेळ नगरच्या मुलांनाही माहीत असायला हवा. ज्या अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी घरोघरचं देशी बियाणं जपलं, त्याच तालुक्याच्या डोंगरातलं हे फळ जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्व भागात, पाथर्डी-जामखेडच्या मुरमाडातही उत्तम येतं.

परसासाठी डोंगरी करवंदापेक्षा मोठ्या फळाच्या जाती बऱ्या: पंतनगरच्या पंत मनोहर, पंत सुदर्शन आणि पंत सुवर्णा, दापोलीची कोकण बोल्ड. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत चौकशी करून सुरुवात करावी. कुंपणासाठी दोन-तीन फुटांवर, फळासाठी सात-आठ फुटांवर रोपं लावावीत. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी द्यावं, पुढे पावसावर सोडलं तरी चालतं. तिसऱ्या वर्षापासून फळ सुरू होतं. दुकाटी काटे जबर असतात, म्हणून फाटकाच्या वाटेवर किंवा मुलांच्या खेळण्याच्या बाजूला लावू नये. गुरं-शेळ्यांचा त्रास असलेल्या बाजूला लावावं.

चेरी घरी करायची तर फळ पूर्ण वाढलेलं, पण अजून टणक आणि गुलाबी छटा आलेलं हवं. देठातून चीक निघतो, तेव्हा हाताला तेल लावून करवंदं तोडावीत आणि मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवावीत. सकाळी धुऊन, मधोमध चीर देऊन बिया काढाव्यात आणि उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं काढून घ्यावीत. मग एकतारीपेक्षा पातळ पाकात टाकायची. रोज फळं बाजूला काढून पाकात थोडी साखर वाढवायची, एक उकळी आणायची आणि गार झाल्यावर फळं परत बुडवायची. चार-पाच दिवसांत ती पारदर्शक होतात. रंग घालायची गरज नाही. करवंदाचा स्वतःचा लाल रंग पाकात उतरतो. बाजारातल्या चेरीइतका तो भडक नसतो, पण आंबटपणा टिकून राहतो आणि शिऱ्यावर, फ्रूट सॅलडमध्ये किंवा मुलांच्या वाढदिवसाच्या केकवर ती जास्त चांगली लागते. उरलेला पाक गाळून बाटलीत भरावा. थंड पाण्यात दोन चमचे घातला की उन्हाळ्याचं सरबत तयार.